लहान पेट्रोल इंजिन : त्याचा भरवसा व त्याची निगा

अलिबाग तालुक्यातील अक्षी, नागाव, चौल, रेवदंडा या किनाऱ्यालगतच्या गावांची शेती म्हणजे मुख्यत्वे नारळ-सुपारीची वाडी होय. पावसाळ्याचे चार महिने वजा केले तर वर्षाचे उरलेले आठ महिने वाडीस विहिरीच्या पाण्यावर जगावे लागते. हे शिंपणाचे काम पूर्वी रहाटाने होत असे. रहाट मागे पडला, त्याच्या जागी तेलाची इंजिने आली, आणि पुढे घरोघर विजेचे पंप बसले. विजेच्या पंपाइतके सोयीचे व कमी खर्चाचे साधन दुसरे नाही, हे आम्ही प्रथमच सांगून ठेवतो. ज्यास वीज मिळते त्याने विजेवरच पाणी काढावे.

परंतु वीज आपल्या हातची नाही. ता. ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. नारळी-पोफळी जशा आडव्या झाल्या तसेच विजेचे खांबही आडवे झाले, आणि रायगड जिल्ह्यातील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. विहिरी पाण्याने भरलेल्या होत्या, पण पाणी वर काढण्यास पोहरा व दोर यांखेरीज साधन नव्हते. मृगाचा पाऊस पाठोपाठ आला म्हणून वाडीच्या शिंपणाची चिंता पडली नाही. तीच वीज एप्रिल-मे महिन्यांत तितके दिवस बंद राहती तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक वाडीवाल्याने करावा. वादळानंतर ज्यांनी नवी रोपे लावली, त्यांस तर हा विचार अवश्यच आहे. सुपारीचे रोप फळास येण्यास पाच ते सात वर्षे लागतात, आणि तिची मुळे वरच्या थरात असल्यामुळे ऐन वैशाखात थोडे दिवसही पाणी तुटले तर रोप हातचे जाते.

यासाठी पुष्कळांनी लहान पेट्रोल इंजिनाचा पंप घेऊन ठेवला आहे. काहींनी नावाजलेल्या कारखान्याचा घेतला, बहुतेकांनी स्वस्तातला घेतला. मात्र अडीअडचणीच्या दिवशी तो चालू होतोच असे नाही. दोरी ओढून ओढून खांदा दुखतो, आणि मग "स्वस्त ते शेवटी असेच" म्हणून यंत्र कोपऱ्यात जाते. आमचे म्हणणे असे की, दहांतील बहुतेक वेळा दोष किमतीचा नसतो, निगेचा असतो. हे इंजिन चालून झिजते त्यापेक्षा पडून राहून अधिक बिघडते. ते कसे, व त्यावर उपाय काय, एवढाच या लेखाचा विषय आहे.

इंजिनाची जात

जर्मनीतील निकोलाउस ऑटो याने १८७६ साली चार धावांचे इंजिन सिद्ध केले. हवा व पेट्रोल आत घेणे, ते दाबणे, ठिणगीने पेटविणे आणि धूर बाहेर टाकणे, या त्या चार धावा होत. आपल्याकडील पंपाचे लहान इंजिन याच तत्त्वावर चालते. होंडा कंपनीने १९८३ साली तिरप्या सिलिंडरचे, डोक्यावर व्हॉल्व्ह असलेले जे लहान इंजिन बाजारात आणले, त्याचाच नमुना पुढे अनेक कारखान्यांनी, विशेषतः चीनमधील कारखान्यांनी, उचलला. त्यामुळे आज बाजारात दिसणाऱ्या साडेपाच-सहा अश्वशक्तीच्या स्वस्त इंजिनांपैकी पुष्कळ त्याच घडणीची असतात. ही गोष्ट शेतकऱ्याच्या सोयीची आहे, कारण प्लग, गाळणी, कार्ब्युरेटर, दोरीचा संच असे बरेचसे भाग एकमेकांस लागतात.

जुन्या पिढीस सातारा रोडच्या कूपर कारखान्याची किंवा पुण्याच्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची, म्हणजे १९४६ साली स्थापन झालेल्या कंपनीची, डिझेल इंजिने ठाऊक आहेत. जड बैठकीची व मोठ्या चाकाची ती जुनी इंजिने संथ चालत. त्यांचे चाक मिनिटास साडेसहाशे ते हजार-पंधराशे फेरे घेई. पेट्रोलचे हे लहान इंजिन पंधरा-सोळा किलोंचे असून पूर्ण वेगात मिनिटास ३,६०० फेरे घेते. म्हणजे तासास दोन लक्ष सोळा हजार फेरे झाले. वजन कमी करून वेगाने शक्ती काढलेली आहे. अशा यंत्रात धूळ, ओल किंवा ऑईलची कमतरता यांचा परिणाम फार लवकर दिसतो. जुन्या इंजिनाने जे वर्षभर सोसले ते हे एक दिवसही सोसणार नाही. हा फरक ध्यानी घेतला म्हणजे पुढील नियम का पाळावयाचे ते आपोआप कळेल.

ऑईल

या इंजिनात ऑईल पोहोचविण्यास बहुधा निराळा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकास लहानशी पळी असते. ती प्रत्येक फेऱ्यास तळातील ऑईलमध्ये बुडून ते सर्वत्र उडविते. ऑईलची पातळी थोडी उतरली, किंवा इंजिन उतारावर तिरपे ठेवले, की पळी कोरडी फिरते आणि थोड्याच वेळात धातूस धातू घासू लागतो. म्हणून इंजिन सपाट फळीवर ठेवावे, आणि दर वेळी सुरू करण्यापूर्वी ऑईल पाहावे. काही इंजिनांत ऑईल कमी होताच यंत्र बंद पाडणारी योजना असते. पण तिच्यावर विसंबून पाहणे सोडू नये.

आत मावणारे ऑईल जेमतेम अर्धा ते पाऊण लिटर असते. इतके थोडे ऑईल लवकर मळते व पातळ होते. नव्या इंजिनाचे पहिले ऑईल वीस तासांनी बदलावे, कारण नव्या भागांची घासून निघालेली धातूची बारीक पूड त्यात असते. स्वस्त इंजिनाच्या बाबतीत हा नियम दुप्पट महत्त्वाचा आहे. त्यानंतर दर शंभर तासांनी, किंवा तितके तास भरले नाहीत तरी दर सहा महिन्यांनी, ऑईल बदलावे. चार धावांच्या इंजिनाचे १०डब्ल्यू-३० प्रतीचे ऑईल सामान्यतः चालते. इंजिन गरम असताना जुने ऑईल काढल्यास गाळ सगळा निघून येतो.

शंभर तास म्हणजे किती, याची कल्पना येण्यास एक हिशेब देतो. मोटरसायकल ताशी ४० किलोमीटर धरल्यास शंभर तासांत ४,००० किलोमीटर चालते. तितक्या मजलेनंतर मोटरसायकलचे ऑईल बदलणारा शेतकरी आपल्या पंपाचे ऑईल तीन-तीन वर्षे पाहत नाही, आणि दोष मात्र यंत्राच्या किमतीस देतो!

गवत कापण्याचे व फवारणीचे काही पंप दोन धावांच्या इंजिनाचे असतात. त्यांत निराळे ऑईल नसून ते पेट्रोलमध्येच मिसळावयाचे असते. पुस्तकात १ : ५० लिहिले असल्यास एक लिटर पेट्रोलास २० मिलिलिटर, आणि १ : २५ लिहिले असल्यास ४० मिलिलिटर ऑईल घ्यावे. हे माप डोळ्यांच्या अदमासाने घेऊ नये. तसेच दोन्ही जातींच्या इंजिनांचे डबे निरनिराळे रंगवून ठेवावेत, म्हणजे गडीमाणसाकडून अदलाबदल होणार नाही. साधे पेट्रोल दोन धावांच्या इंजिनात गेले तर ते थोड्याच वेळात जखडते.

हवा

इंजिन पेट्रोलापेक्षा कितीतरी अधिक हवा पिते. किनाऱ्यावरील हवेत बारीक रेती व मिठाचा अंश असतो. ही रेती सिलिंडरात गेली म्हणजे कानशीसारखे काम करते. हवेच्या गाळणीतील स्पंज साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, पुरता वाळवून, त्यास थोडे स्वच्छ इंजिन ऑईल लावून पिळावा व बसवावा. कागदी गाळणी असल्यास ती धुऊ नये. हलक्या हाताने झटकावी, व मळकट झाल्यास नवी घालावी. पन्नास तासांनी एकदा हे काम पुरे, असे पुस्तक सांगते. नागावसारख्या रेताड ठिकाणी ते त्याहून लवकर करावे. गाळणी काढून ठेवून इंजिन चालविणे म्हणजे इंजिनाचे आयुष्य विकून पेट्रोल वाचविणे होय.

बाहेरून वाहणारी हवा सिलिंडरभोवतीच्या पातळ पाळ्यांमधून जाऊन इंजिन थंड ठेवते. या पाळ्यांत पातेरा, काथ्याचा भुसा व कधी उंदरांचे घरटे साचते, आणि इंजिन आतल्या आत भाजते. वर्षातून एकदा पंख्यावरचे झाकण उघडून त्या साफ कराव्यात. इंजिन पाण्याने धुऊ नये. घासलेटाच्या फडक्याने पुसावे.

पेट्रोल

दोरी ओढूनही इंजिन लागत नाही, याचे सर्वांत मोठे कारण शिळे पेट्रोल हे होय. कार्ब्युरेटरच्या तळाशी लहानशी वाटी असते, व तीतून केसाएवढ्या छिद्राने पेट्रोल वर चढते. इंजिन महिनोन्महिने पडून राहिले म्हणजे वाटीतील पेट्रोल उडून जाते आणि मागे राळेसारखा चिकट थर राहतो. तो थर ते छिद्र बुजवितो. मग मालक म्हणतो, यंत्र बिघडले. वास्तविक बिघडले काहीच नाही. एका सुईच्या अग्राएवढी घाण आहे.

हल्ली यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. देशातील पेट्रोलमध्ये सरासरी दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये पुरे झाले, व २०२५ साली हे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल उसापासून व धान्यापासून होत असल्यामुळे त्यात शेतकरीवर्गाचा लाभ आहे, आणि त्याविषयी आमची तक्रार नाही. पण इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते. ओल प्रमाणाबाहेर झाली की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिनास पहिला घोट त्याचाच मिळतो. शिवाय जुन्या रबरी नळ्या व वायसर त्याने फुगतात. कोकणच्या दमट हवेत ही भीती घाटावरच्यापेक्षा अधिक आहे. तेव्हा महिन्याभरात संपेल इतकेच पेट्रोल आणावे, टाकीचे झाकण घट्ट ठेवावे, आणि आपल्या इंजिनास किती टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालते ते पुस्तकात पाहून घ्यावे.

एक सवय लावून घेतल्यास अर्धी कटकट वाचते. दिवसाचे काम संपले की स्विच न दाबता पेट्रोलची चावी बंद करावी. दोन-तीन मिनिटांत वाटीतील पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबेल, व वाटी कोरडी राहील. पंपात पाणी असेपर्यंतच हे करावे.

प्लग, टॅपेट व वेग

प्लगच्या टोकांतील अंतर ०.७ ते ०.८ मिलिमीटर असावे. शंभर तासांनी प्लग काढून पाहावा. टोक विटकरी असल्यास सर्व ठीक आहे. काळी कोरडी काजळी असल्यास गाळणी मळली आहे किंवा चोक ओढलेला राहतो, असे समजावे. ओले तेलकट असल्यास ऑईल वर चढत आहे, आणि मिस्त्रीस दाखवावयास हवे. एक नवा प्लग नेहमी घरात ठेवावा.

सुमारे तीनशे तासांनी व्हॉल्व्हचे अंतर तपासून घ्यावे. या घडणीच्या इंजिनास थंड असताना आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचे ०.१५ व धूर टाकणाऱ्याचे ०.२० मिलिमीटर अंतर सामान्यतः असते. तरी आपल्या पुस्तकातील आकडा पाहावा. वेग आवरणाऱ्या गव्हर्नरच्या स्प्रिंगेस मात्र कोणी हात लावू नये. "थोडे पाणी जास्त येईल" म्हणून ती ताणणारे लोक आमच्या पाहण्यात आहेत. त्याने पाणी थोडे वाढते आणि कनेक्टिंग रॉड तुटतो.

पंपाची बाजू

इंजिनाची निगा राखून पंप विसरणे बरे नाही. पंपाच्या पोटात पाणी भरल्याशिवाय इंजिन केव्हाही सुरू करू नये. आतील सील कोरडे फिरले तर काही मिनिटांत जळते. तसेच पंप पाणी वर ओढतो ते हवेच्या दाबामुळे. हा दाब हिशेबाने दहा मीटरपर्यंत पाणी चढवील, पण प्रत्यक्षात सात मीटरांपलीकडे भरवसा धरू नये. हे अंतर पंपापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत मोजावयाचे आहे. पौषात चालणारा पंप वैशाखात पाणी ओढत नाही, याचे कारण पुष्कळदा पाण्याची उतरलेली पातळी हेच असते. नाही तर शोषणनळीचा सांधा हवा घेत असतो.

किनाऱ्याच्या विहिरींत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. रहाट हळूहळू पाणी काढी व विहिरीस झिरपण्यास वेळ मिळे. पंप घटकाभरात तळ दाखवितो, आणि मग खालचे खारे पाणी व रेती वर येते. यासाठी थांबून थांबून उपसा करावा, फूटव्हॉल्व्ह तळापासून हातभर वर टांगावा व त्याची जाळी शाबूत ठेवावी.

पावसाळ्यातील विश्रांती

आमच्या भागात इंजिनाचे मरण बहुधा आषाढ-श्रावणात ओढवते, आणि ते कळते कार्तिकात! मृग लागण्यापूर्वी पुढील कामे अनुक्रमाने करावीत.

१. टाकीतील पेट्रोल काढून घ्यावे. इंजिन चालवून वाटी रिकामी करावी, व वाटीखालचा स्क्रू सैल करून राहिलेले थेंब गाळावेत.

२. ऑईल बदलावे. मळक्या ऑईलातील आम्ल चार महिने आतील भाग खात राहते.

३. प्लग काढून त्या छिद्रातून चमचाभर स्वच्छ ऑईल सिलिंडरात सोडावे, दोरी चार-पाच वेळा सावकाश ओढून ते सर्वत्र पसरवावे, व प्लग परत बसवावा.

४. दोरी पुन्हा हळूच ओढावी व जोर लागू लागताच थांबावे. त्या ठिकाणी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, म्हणून ओली हवा आत जात नाही.

५. पंपातील पाणी तळाचा बोळा काढून सांडावे. उघड्या लोखंडावर ऑईलचा हात फिरवावा.

६. इंजिन जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावे. खताच्या किंवा मिठाच्या खोलीत ठेवू नये. खताची वाफ ॲल्युमिनियमचा सत्यानाश करते. वरून कापडी आच्छादन घालावे. प्लास्टिकच्या आत ओल कोंडते. धुराड्याच्या तोंडास जाळी बांधावी, आणि सुरू करतेवेळी ती न विसरता काढावी.

वादळवाऱ्याच्या भीतीने पावसाळ्यातही इंजिन हाताशी हवे असल्यास त्यास असे निजवू नये. दर पंधरा दिवसांनी ताजे थोडे पेट्रोल घालून, पंपात पाणी भरून, दहा मिनिटे चालवावे, आणि वाटी कोरडी करून ठेवावे.

जिवाचा धोका

आता एक गोष्ट सर्व नियमांच्या वर सांगावयाची आहे. पाणी खोल गेले म्हणून पेट्रोलचे इंजिन विहिरीत उतरवू नये. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही. विहिरीसारख्या बंद जागेत तो थोड्याच वेळात साचतो, माणूस बेशुद्ध पडतो, आणि त्यास काढण्यास उतरलेला दुसराही तेथेच राहतो. इंजिन बंद केल्यानंतरही बराच वेळ विहिरीत उतरणे धोक्याचे असते. याच कारणास्तव बंद पडवीत किंवा खोलीतही इंजिन चालवू नये. पाणी सात मीटरांपलीकडे गेले असेल तर पेट्रोलचा पंप त्या विहिरीच्या कामाचा नाही, असे समजून दुसरी तजवीज करावी.

तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतू नये. इंजिनाभोवती सुक्या झावळ्या व पातेरा असू नये. तापलेल्या धुराड्याने वाडी पेटण्यास वेळ लागत नाही. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्यावाचून बाळगता येते. पण ते घट्ट बुचाच्या, धातूच्या असल्यास २५ लिटरांहून मोठ्या नसलेल्या भांड्यात असावे लागते. पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल ठेवण्याची चाल अगदी टाकून द्यावी. घरात मुले असतात.

खरेदी व दप्तर

स्वस्त इंजिन घेताना रंग व आकडे पाहू नयेत. तालुक्याच्या ठिकाणी गाळणी, दोरी, कार्ब्युरेटर व सील मिळतात की नाही, आणि उघडून दुरुस्त करणारा मिस्त्री आहे की नाही, हे आधी विचारावे. नवे इंजिन पुष्कळदा ऑईलविना येते. ते भरल्याशिवाय दोरी ओढू नये. सर्व बोल्ट पान्याने एकदा तपासून घ्यावेत. स्वस्त इंजिनात मुख्य ओतीव अंग बहुधा बरे असते. उणेपणा असतो तो नळी, स्विच, दोरी, चावी अशा किरकोळ वस्तूंत. त्या थोड्या खर्चात बदलता येतात.

शेवटी आमच्या पेशाची एक सूचना. आमची हयात महसुली दप्तरात गेली, आणि लिहिलेले राहते व आठवलेले जाते हा अनुभव आम्हांस तेथे पदोपदी आला. इंजिनाजवळ एक लहान वही टांगून ठेवावी. तीत सहा रकाने आखावेत : तारीख, चाललेले तास, पेट्रोल, ऑईल, केलेले काम, झालेला खर्च. ऑईल केव्हा बदलावयाचे ते वही सांगेल. तासास पेट्रोल अधिक लागू लागले तर बिघाड येत असल्याची सूचना वही आधीच देईल. वर्षाअखेर खर्चाची बेरीज मारली म्हणजे स्वस्त यंत्र खरोखर स्वस्त पडले की नाही, याचा निकाल ऐकीव गप्पांवरून न लागता आकड्यांवरून लागेल.

ज्या वाचकांकडे असे इंजिन गेल्या पावसाळ्यापासून कोपऱ्यात पडून असेल, त्यांनी प्रथम शिळे पेट्रोल काढावे, वाटी व छिद्र साफ करावे, ऑईल व प्लग पाहावा, आणि मगच दोरी ओढावी. पुष्कळ इंजिने इतक्यानेच सुरू होतील, असा आमचा भरवसा आहे.